काचेचं छप्पर आणि सावद्याचा मे महिना

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नव्या गाड्यांच्या डिझाइनवर मोठा लेख आला होता. फोटो झकास, आणि लिहिणाऱ्याला विषयाची आवड आहे हे पहिल्या चार ओळीतच कळलं. पण मधेच एक वाक्य आलं की आजच्या गाड्या आता भारतीय परिस्थितीला एकदम साजेशा झाल्यात, तिथे मी चहाचा कप खाली ठेवला. कुठली परिस्थिती भो? पुण्याची असेल, बंगलोरची असेल. आमच्याकडची परिस्थिती म्हणजे एप्रिल-मे मधे ४५ डिग्री, भुसावळ-रावेर पट्ट्यात त्याच्याही वर, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही आणि गाडीच्या दाराचं हँडल रुमाल गुंडाळून धरावं लागतं. लेख लिहिणाऱ्या साहेबांनी गाडी बहुतेक डिसेंबरात चालवली असावी.

मी सावद्याचा, ता. रावेर. धंदा डेंटिंग-पेंटिंगचा. १९८८ ला भुसावळात एका उस्तादाच्या हाताखाली लागलो तेव्हा मिशी पण फुटली नव्हती, आता पोरगा गॅरेज पाहतो आणि मी खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतो. इंजिनिअर नाही, डिझाइन शिकलेलो नाही, पण गाडी डिझाइनवाल्याच्या हातून सुटल्यावर पाच-सात वर्षांनी ती शेवटी माझ्यासारख्याच्याच दारात येते आणि तेव्हा तिचा पत्रा उघडून आत काय आहे ते मी पाहतो. एवढ्या अधिकारावर लिहून राहिलो.

आधी छपराचं बोलतो कारण लेखात सगळ्यात जास्त कौतुक पॅनोरमिक सनरूफचं होतं. आमच्या भागात आज गाडी घ्यायला जाणारा माणूस पहिला प्रश्न सनरूफ आहे का हाच विचारतो, मायलेज नंतर. पोरांना पाहिजे असतं, आणि लग्नात नवरदेव त्यातून कमरेपर्यंत बाहेर निघून उभा राहतो, मागे डीजे, वर विजेच्या तारा, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. पण साध्या पत्र्याच्या छपरात काय असतं ते सांगतो. वर पत्रा, मग थोडी हवा, खाली नमद्यासारखा थर आणि मग आतलं कापड, ज्याला आम्ही रूफ लायनिंग म्हणतो. म्हणजे धाब्याच्या घरासारखंच, ऊन वरच्या वर अडतं. आता त्यातला मोठा तुकडा कापून काच बसवली. काच रंगीत असते, खाली पडदा असतो, हे सगळं मान्य. पण काही गाड्यांत पडदा इतका पातळ आहे की दुपारी त्याच्यातून सूर्य कुठे आहे ते बोटानं दाखवता येतं. मग कंपनी एसी मोठा देते. म्हणजे चुलीवर पातेलं ठेवायचं आणि वरून बर्फ टाकायचा.

सनरूफची दुसरी बाजू शोरूमवाला कधी सांगत नाही. त्या काचेच्या चौकटीला कडेनं पन्हाळ असते आणि चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या दाराच्या खांबांमधून खाली उतरतात, पाणी त्यातून जावं म्हणून. चैत्रात गाडी निंबाखाली लावायची आपली पद्धत, सावली दुसरी असते कुठे, मग निंबाचा मोहोर आणि आमची काळी बारीक धूळ त्या पन्हाळीत बसते, नळी तुंबते आणि मृगाच्या पहिल्या पावसात पाणी थेट मालकाच्या मांडीवर. गेल्या जूनमधे एका आठवड्यात अशा तीन गाड्या आल्या माझ्याकडे, तिघांना वाटलं काच फुटली. एअरचा हलका फवारा मारला, नळ्या मोकळ्या झाल्या, एकाचं तर कार्पेट काढून दोन दिवस उन्हात वाळवलं. शिरपूरकडचे एक गिऱ्हाईक आहेत, अहिराणी बोलतात, त्यांना विचारलं नवी गाडी कशी आहे, म्हणे "गाडी भारी शे भो, पन आंग भाजस."

आणि फक्त छप्पर नाही, पुढची काच पहा. जुनी जीप, कमांडर, मार्शल, ज्या आमच्याकडे काळीपिवळी म्हणून चोपडा-यावल-फैजपूर रोडवर चौदा-पंधरा माणसं घेऊन पळायच्या, त्यांची काच जवळजवळ सरळ उभी. दुपारचं ऊन डोक्यावर असलं की ते टपावर पडायचं, काचेतून आत फार कमी यायचं. आज काच इतकी आडवी झोपलेली असते की बाराचं ऊन सरळ डॅशबोर्डवर आणि तिथून ड्रायव्हरच्या गुडघ्यावर. मागचं पण तसंच, आता ती उतरत्या पाठीची कूपे एसयूव्हीची फॅशन आली, त्यात मागची काच मागे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर येते, आजीबाईच्या अंबाड्यावर ऊन.

काच आडवी का करतात तेही मला माहीत आहे, उगाच शिव्या देत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ६० वरून १२० ला गेलं की वेग दुप्पट आणि विरोध चौपट. समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे, ७०१ किलोमीटरचा रस्ता, तिथे बोलेरोसारखी चौकोनी गाडी हवा ढकलत ढकलत जाते आणि डिझेल पिते, आडव्या काचेची गाडी सुळकन निघते. बॅटरीच्या गाडीला तर हे अजूनच लागतं, हवेत वाया गेलेली ताकद म्हणजे कमी झालेले किलोमीटर. पण साहेब, समृद्धी आमच्या खान्देशातून जातच नाही. आमचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोड, पुढे केळीचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढे ऊसाची गाडी, चाळीसच्या वर काटा जात नाही, तिथे हवेचा विरोध कापायला डोक्यावर ऊन घेतलं तर हिशोब कसा बसायचा.

आता वाचणारे म्हणतील हा जुन्याच गाड्यांचं कौतुक करणारा म्हातारा दिसतो. तर तसं नाही, उलट इथे माझं आमच्या गॅरेजच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळीशी रोज भांडण होतं. त्यांचं म्हणणं अँबेसिडरचा पत्रा कसा जाड, बुक्की मारली तर हात मोडायचा, आणि आजच्या गाडीचा पत्रा म्हणजे पापड. मी अँबेसिडरचे मडगार्ड किती ठोकलेत याची गिनती नाही. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बनवलेली गाडी, १९५७ पासून ते २०१४ पर्यंत बंगालात उत्तरपाड्याला निघत राहिली, तोंड-मागचं थोडंफार बदललं पण अंगलट तीच. ठोकायला मजा यायची, लाकडी हातोडी आणि खाली डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरला की पत्रा ऐकायचा. पण ठोकलेल्या अँबेसिडरमधून स्टिअरिंगचा दांडा छातीत गेलेली माणसं पण मी पाहिलीत. गाडी शाबूत, माणूस गेला. पत्रा चेपला नाही म्हणजे मार कुठे गेला? आतल्या माणसात गेला.

मर्सिडीजमधे बेला बारेनी नावाचा एक इंजिनिअर होता, त्यानं ही गोष्ट सगळ्यांच्या आधी ओळखली. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा ठेवायचा आणि मधला पिंजरा कडक. १९५९ च्या मर्सिडीजमधे ते पहिल्यांदा आलं. आज आपल्याकडच्या गाड्यांतही तेच आहे, बाहेरचा पत्रा पातळ कारण त्याचं काम अंग झाकायचं, आणि आत दाराच्या मधल्या खांबात तापवून दाबलेलं असं स्टील असतं की माझ्या कारखान्यात ते सरळ होत नाही. साध्या ड्रिलनं भोक पाडायला गेलो तर बिट जळतं. पहिल्यांदा असा खांब वाकलेली गाडी आली तेव्हा मी जुन्या सवयीनं गॅसनं लाल करायला निघालो होतो, पोरानं हात धरला, म्हणे बाबा ते तापवलं की त्याची सगळी ताकद जाते, बदलावंच लागतं. तो यूट्यूबवर पाहून शिकला आणि मी तीस वर्षं धंदा करून मूर्ख ठरलो, पण बरोबर होता तो. २०१८ ला नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या मुद्दाम ठोकून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेचे, पाच स्टार मिळाले आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालं, तेव्हापासून गिऱ्हाईक स्टार विचारायला लागलं, ही माझ्या उभ्या आयुष्यातली गाड्यांच्या बाबतीतली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणतो मी. मागच्या सीटला एसीची भोकं आली तीही चांगलीच, कोणी लावली त्याला पुण्य लागो.

तर इंजिनिअरवर माझा राग नाही. माझं भांडण त्याच्यावर वरून जे चढवलं जातं त्याच्याशी आहे.

आणि हे आजचं नाही. अमेरिकेत १९४८ ला कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डला छोटे पंख लावले, हार्ली अर्ल नावाचा डिझाइनवाला होता त्यांचा, लढाईतलं दोन शेपट्यांचं विमान पाहून कल्पना सुचली म्हणतात. लोकांना आवडलं. मग दरवर्षी ते पंख वाढत गेले, १९५९ च्या कॅडिलॅकला तर पार घारीसारखे उभे पंख, आणि त्याचं काम काय तर काही नाही, मागच्या वर्षीची गाडी जुनी दिसावी एवढंच. आज पंखांच्या जागी तोंड आलंय. जाळी एवढी मोठी की वासरू आत जाईल. बॅटरीच्या गाडीला तर रेडिएटरसाठी एवढ्या जाळीची गरजच नसते तरी काळं प्लास्टिक लावून खोटी जाळी काढतात. डोळे बारीक, रागावलेले, बोनेट छातीएवढं उंच. सगळ्या गाड्या एकमेकींवर खेकसून राहिल्यासारख्या दिसतात. आमच्या गल्लीतल्या एका बारक्या पोरीनं नव्या गाडीकडे पाहून आईला विचारलं, ही का चिडली?

बोनेट उंच होण्यामागे एक खरं कारण आहे ते सांगायला पाहिजे. पायी माणूस धडकला तर त्याचं डोकं बोनेटवर आपटतं आणि खाली लगेच इंजिनचं लोखंड असलं तर खेळ खलास, म्हणून पत्रा आणि इंजिनच्या मधे जागा सोडावी लागते. हे ठीक. पण जागा सोडणं वेगळं आणि पुढचं तोंड भिंतीसारखं उभं करणं वेगळं. अमेरिकेत आयआयएचएस म्हणून विम्यावाल्यांची संस्था आहे, त्यांनी २०२३ मधे अभ्यास करून सांगितलं की ४० इंचापेक्षा उंच बोनेटच्या गाडीनं पायी माणसाला उडवलं तर तो मरण्याची शक्यता ३० इंचापर्यंतच्या उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त. चाळीस इंच म्हणजे मोठ्या माणसाची कंबर, आणि शाळेत जाणाऱ्या पोराची छाती किंवा डोकं. आमच्याकडे फुटपाथ नाही, बाजाराच्या दिवशी रस्त्यावर माणसं, बकऱ्या, भरताच्या वांग्यांच्या पाट्या, सगळं एकत्र. तिथे ती भिंत घेऊन निघायचं, आणि उंच सीटवर बसलेल्या ड्रायव्हरला बोनेटच्या पुढचं चार-पाच फूट काही दिसत नाही, मग त्याच्यासाठी वेगळा कॅमेरा, त्याचे वेगळे पैसे. आधी आंधळं करायचं आणि मग काठी विकायची. सरकारनं २०१७ च्या डिसेंबरात पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर बंदी आणली पायी माणसाला जास्त लागतं म्हणून, ते बरोबरच केलं, मी स्वतः शेकडो गार्ड वेल्डिंग करून लावलेत आणि आता त्याचं वाईट वाटतं. पण आज कंपनीचं तोंडच गार्डसारखं दिसून राहिलं.

सरकारचा विषय निघाला म्हणून चार मीटरचं सांगतो, कारण लेखात गाडीच्या आखूड डिकीला मॉडर्न लुक असं नाव दिलं होतं आणि मला हसू आवरेना. २००६ च्या बजेटमधे छोट्या गाड्यांची एक्साइज २४ वरून १६ टक्के केली, छोटी कोणती तर लांबी ४००० मिमीच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. त्या दिवसापासून डिझाइनवाल्याच्या पेन्सिलीला चार मीटरवर भिंत आली. २००८ ला इंडिगो सीएस आली, डिकी कापलेली. २०१२ ला डिझायरची शेपटी कापली. आज ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, डिझायर, अमेझ, सगळ्यांची लांबी ३९९५ मिमी, मोजून पाहा. पाच मिमीची फट ठेवलीय बस, म्हणजे पाटावरवंट्यानं दाबून बसवल्यासारख्या. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी बदलला, छोट्यांना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के, पण भिंत तिथेच राहिली, चार मीटर. ह्याला लुक म्हणा नाहीतर काही म्हणा, हे टॅक्सनं काढलेलं चित्र आहे. आणि गंमत म्हणजे त्यात बऱ्याच गाड्या चांगल्या निघाल्या, चार मीटरमधे घरातले पाच जण आणि देवदर्शनाचं सामान बसवायचं म्हणजे डोकं लागतं, तिथे मी टोपी काढतो.

आता माझ्या पोटापाण्याचा मुद्दा, दिवे. पूर्वी सात इंची गोल हेडलाइट, अँबेसिडरला तोच, जीपला तोच. फुटला तर रावेरात पण मिळायचा, अर्ध्या तासात गाडी परत रस्त्यावर. आता फॅशन अशी की वर बोनेटच्या कडेला डोळ्याच्या भुवईसारखी बारीक पट्टी आणि खरा दिवा खाली बंपरात. दिसायला भारी, मला पण आवडतं खोटं कशाला बोलू, आणि दिवा खाली असल्यानं समोरच्याच्या डोळ्यात उजेड थोडा कमी जातो हा फायदापण आहे. पण बंपर ही गाडीची आधी धडकणारी जागा, तिथे गाडीचा सगळ्यात महाग पार्ट नेऊन ठेवला. दोन महिन्यांपूर्वी एका केळीवाल्या अप्पांची गाडी आली, कंपनीचं नाव घेत नाही, बाजारात रिव्हर्स येणाऱ्या रिक्षानं टोचलं होतं, बंपरला बोटभर तडा. बंपर मी प्लास्टिक वेल्डिंगनं जोडला असता, पण आतल्या एलईडी दिव्याचे कान तुटले होते. तो दिवा सुटा मिळत नाही, अख्खी असेंब्ली घ्यायची, बिल पाच आकडी. अप्पा म्हणाले एवढ्यात माझ्या बापानं जुनी जीप घेतली होती. रिक्षावाल्याचं वाकलेलं मडगार्ड त्यानं तिथेच लाथ मारून सरळ केलं आणि निघून गेला.

मागे तर आता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी. रात्री लांबून छान दिसतं, मान्य. पण डिकीच्या दाराला मधे ठोकलं की पट्टी गेली. पूर्वी मागचा बल्ब जायचा, आता मागचा दिवा जातो.

डोळ्यात जाणाऱ्या उजेडाबद्दल मात्र कंपनीला एकट्याला शिव्या देऊ नका. साध्या हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत आपली पोरं बाजारातून पांढरी एलईडी आणून बसवतात, त्याचा फोकस कुठेच बसत नाही, उजेड झाडावर आणि समोरच्याच्या डोळ्यात. माझ्या पोरानं पण लावली होती. काढायला लावली.

ज्याच्यात मला खरंच कळतं तो विषय रंगाचा, त्यावर तुमच्या लेखात एकच ओळ होती, ड्युअल टोन आणि मॅट फिनिशचा ट्रेंड वाढतोय म्हणून. पूर्वी सॉलिड पांढरा, एक डबा, एक गन, पॅनल मारलं की झालं. मग मेटॅलिक आला, त्यात दाणा असतो, गन जवळ धरली तर गडद, लांब धरली तर फिकट, हात शिकायला दोन वर्षं जातात. आता तीन कोटचे पर्ल आणि लाल आलेत, खाली एक रंग, मधे पारदर्शक रंगीत थर, वर क्लिअर. एका दाराला ओरखडा आला तर तेवढंच दार मारून चालत नाही, शेजारच्या दोन पॅनलवर रंग विरघळवत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात दार वेगळं दिसतं. आणि आमचं ऊन म्हणजे ऊन, खोट लपत नाही. मे महिन्यात मी दुपारी रंग मारतच नाही, गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पसरायच्या आत वाळतो आणि सगळा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. स्लो थिनर, म्हणजे रंग हळू वाळवणारा, वापरतो आणि पहाटे पाचला काम करतो, कोंबड्याच्या आधी माझा कॉम्प्रेसर आरवतो, शेजारी शिव्या देतात.

मॅटचं तर विचारू नका. मॅट रंग बफिंग करता येत नाही, घासलं की चमक येते आणि तेवढाच भाग तेलाचा डाग पडल्यासारखा दिसतो, ओरखडा आला की अख्खं पॅनल. आणि काळा. काळ्या गाड्यांची केवढी हौस सुटलीय, काळी गाडी, काळं छप्पर, काळी सीट, काळा डॅश. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकासुद्धा उन्हात जाताना पांढरं फडकं डोक्यावर घेतात, हे कळायला डिग्री लागत नाही. आत जो आरशासारखा चकचकीत काळा प्लास्टिकचा पट्टा देतात, पियानो ब्लॅक, त्याच्यावर धूळ बसायला आमच्या रस्त्यानं पाच मिनिटं लागतात आणि मालक गमछ्यानं कोरडं पुसतो, झाले ओरखडे. सहा महिन्यांच्या गाडीचं ते प्लास्टिक पाहिलं की मांजर बसवली होती का आत असं वाटतं.

बंपरामागे आता रडार पण असतात, पुढची गाडी किती लांब आहे ते मोजायला. चांगली सोय. पण बंपरवर जाड पुट्टी भरली, वरून जाड रंग मारला की त्या रडारला नीट दिसत नाही, हे गावोगावच्या किती डेंटरांना माहीत आहे? कंपनीनं सांगावं ना. मला पोरानं सांगितलं म्हणून कळलं.

बटणांचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळेच बोलून राहिले. स्वीडनच्या एका गाड्यांच्या मासिकानं २०२२ मधे टेस्ट घेतली, ताशी ११० च्या वेगानं जाताना एसी कमी-जास्त करणं, रेडिओ लावणं अशी चार साधी कामं करायची. २००५ ची जुनी बटणांची व्होल्वो, १० सेकंद. सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाली गाडी, जवळपास ४५ सेकंद. युरोपात २०२६ पासून तर नियमच बदलला, सिग्नल, हॉर्न, वायपर, धोक्याच्या वेळी एकदम लुकलुकणारे चारही इंडिकेटर ह्यांना हातानं दाबायची खरी बटणं नसतील तर युरो एनकॅप पूर्ण पाच स्टार देणार नाही. आमच्याकडे घामट हात आणि वर धुळीचा थर, स्क्रीनला बोट लावलं की एसीच्या जागी भजन सुरू होतं. हँडलचंही तेच, दारात घुसलेली हँडल, बोट घालून बाहेर काढा. चीननं नियम केलाय की २०२७ पासून नव्या गाडीचं दार आतून-बाहेरून हातानं उघडलंच पाहिजे, विजेच्या भरवशावर नाही. आपल्या स्विफ्टनं २०१८ ला मागच्या दाराचं हँडल वर खांबात नेलं होतं, लपवून, गाडी दोन दाराची दिसावी म्हणून. माझ्या नातवाला ते कधी पुरलं नाही, आणि माझी बायको दरवेळी दाराच्या खालच्या बाजूला चाचपायची. २०२४ च्या स्विफ्टला ते परत दारावर आलं, नेहमीच्या जागी. कोणीतरी ऐकलं असेल, नाहीतर कोणाची तरी बायको चाचपत असेल.

ह्या सगळ्यात मला एक फ्रान्सची गोष्ट सारखी आठवते. सित्रोएन कंपनीचा साहेब बुलांजे, त्यानं इंजिनिअरांना सांगितलं की शेतकऱ्यासाठी गाडी करा, माणसं आणि ५० किलो माल घेऊन जाईल, आणि नांगरलेल्या वावरातून अंड्यांची टोपली नेली तर एक अंडं फुटायला नको. दिसायचं कसं ते शेवटी पाहू. १९४८ ला ती गाडी, टू सीव्ही, पॅरिसला लोकांसमोर आणली, लोक हसले, पेपरवाल्यांनी चेष्टा केली. मग लोकांनी रांगा लावून घेतली आणि ती १९९० पर्यंत बनत राहिली. गोगलगाईसारखी दिसायची, फोटो पाहा कधी. पण आज तिला सगळे सुंदर म्हणतात.

आमच्याकडे कोणी आलं आणि विचारलं तुमची अंड्यांची टोपली कोणती, तर मी सांगेन, केळीचा घड. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे ह्याच भागाचा माल असा सरकारी शिक्का, मिळालाय, सावद्याहून रेल्वेनं दिल्लीला माल जातो, पण वावरातून रस्त्यापर्यंत येतानाच घड काळा पडला तर व्यापारी भाव पाडतो हे लहान पोराला पण माहीत आहे. मे महिन्यात दुपारी दोनला उन्हात दोन तास उभी केलेली गाडी, मागे केळीचे चार घड, पुढे म्हातारे आई-बाप, आणि वावराच्या चाकोरीतून गावापर्यंत या. घड काळा नको, आईचं अंग भाजायला नको, रस्त्यात दगड लागला तर दिवा फुटायला नको. ह्या परीक्षेत किती गाड्या पास होतील ते तुमच्या पुरवणीत छापा, मी पहिला वाचेन.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी गाडीचा लेख देताना खाली एक चौकट टाका. पुढचा दिवा बदलायला किती पैसे, बंपर किती, रंग किती कोटचा आहे, छपराच्या नळ्या साफ करायला कुठून उघडायचं, स्टेपनी आहे का नुसता पंक्चरचा पंप दिलाय, आणि दुपारी उन्हात उभी केल्यावर एसीला आतून थंड करायला किती मिनिटं लागली. उन्हाच्या चाचणीसाठी जागा लागली तर माझ्या गॅरेजसमोर भरपूर आहे, झाड एकही नाही. गाडी मे मधेच आणा. बारानंतर.

नाव छापू नका, निम्मे गिऱ्हाईक सनरूफवाले आहेत.

आपला,
एक डेंटर, सावदा, जि. जळगाव

ता. क. : पोरानं पत्र वाचलं आणि म्हणाला बाबा सगळं खरं आहे, पण आपण पुढच्या दिवाळीला जी गाडी बुक करणार आहोत ती सनरूफचीच घ्यायची. भांडण चालू आहे.